पायवाटेकडची बाजू

"ह्यात माजा मांगर कुठं हाय, ता बोटानं दाखवा."

"काका, तो नकाशा मुलांनी काढलाय. तीन वर्षांपूर्वीचा आहे."

"मांगर तीस वर्सांपूर्वीचा हाय."

"सगळं काही त्यात आलंय असं नाही."

"आप्पांची कलमां आली. आप्पांचा पंप आला. शाळंचा संडासबी आला. माजा मांगर तेवडा मावला नाय कागदावर?"

उल्काबाईंनी उठून खिडकी लावून घेतली. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती, पण नववीची चार पोरं अजून मैदानात रेंगाळत होती आणि काशीराम कळंबट्याचा आवाज गुरं हाकून कमावलेला होता. तो मात्र नेहमीसारखा वहाणा दाराबाहेर काढून आला होता. भांडायला आलेला माणूस वहाणा काढून येतो, याचंच बाईंना जास्त ओझं झालं.

भिंतीवर पुठ्ठ्याला डकवलेला कातळवाडीचा नकाशा होता. घरं लाल, आंब्याच्या बागा हिरव्या, काजू पिवळा. वरच्या अंगाला हातखंब्याकडून येणारा रस्ता, खाली आप्पा लिमयांची बाग, दोहोंच्या मधून जाणारी तुटक रेघांची पायवाट. पायवाटेच्या वर सगळा सडा, म्हणजे कातळाचं माळरान, पांढरा होता. काशीरामला वाचता येत नव्हतं, पण सडा त्याला पायांनी पाठ होता. त्याचं बोट पायवाटेवरून सरकत एका ठिकाणी थांबलं, तिथून वीस-पंचवीस पावलं वर गेलं आणि पांढऱ्यात टेकलं.

"हितं. तुमी हितं बसून ताक पिलाव, बाय. एकदा नाय, चारदा. त्या दिवशी आठवला नाय तुमाला?"

"धुरात सुचलं नाही," उल्काबाई म्हणाल्या.

काशीरामने मग बोट काढलं.

"नाय सुचला, तर नाय सुचला. मानूस हाय. ता मी सोडला. गवात गेला, नांगर गेला, ता पन सोडला. पन गाव काय बोलतो हाय, ता ऐकलाव ना?"

बाईंनी ऐकलं होतं. कातळवाडीत ते कोणी ऐकलं नव्हतं असं नाही. काशीरामने शेतात भाजलेला राब सुटला आणि त्या आगीनेच त्याचा गवता-गुरांचा मांगर गेला, असं गाव बोलत होतं.

त्याला काय हवं होतं ते त्याने मग शांतपणे सांगितलं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. बुधवारी संध्याकाळी देवळात बैठक होती. शिमग्याच्या होमाला चूड, म्हणजे पेंढ्याची पेटती जुडी, कोणी लावायची ते तिथे ठरणार होतं. उल्काबाईंनी येऊन एवढंच सांगायचं की आग काशीरामच्या राबातली नव्हती, शाळेने लावलेली होती.

"आनि पोरांचा नाव घेऊ नका," तो दाराशी वहाणा घालताना म्हणाला. "तुमचा घ्या."

* * *

उल्का आगाशे मूळची रत्नागिरीतली, मांडवीची. वडील कोर्टात कारकून, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणापासून तिने पाणी पाहिलं होतं, आग पाहिली ती न्हाणीघरातल्या बंबातली. बी.एस्सी., बी.एड. करून ती कातळवाडीच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायला आली तेव्हा आईचा अंदाज होता की पोरगी वर्षभरात कंटाळून परत येईल. पोरगी परत आली नाही. गावात एक खोली घेऊन राहिली, रविवारी मांडवीला जायची, सोमवारी पहिल्या एसटीने हजर. लग्नाचं आईने दोनतीनदा काढून पाहिलं. मग आईच दमली.

ही सगळी चिकाटी आली एका सकाळमुळे. १९९८ चा जानेवारी. सड्यावरचं गवत कमरेइतकं वाढून वाळलेलं, आणि रस्त्याच्या बाजूने लागलेला वणवा तडतडत शाळेच्या कुंपणाला आला. मुख्याध्यापकांनी दारंखिडक्या लावून मुलांना पाढे म्हणायला लावले. उल्काबाई दोन बादल्या घेऊन बाहेर धावल्या आणि दोन्ही सरळ जाळाच्या तोंडावर ओतल्या. आगीने त्या पाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाईंच्या कपाळावरचे केस चुरचुरले. तेवढ्यात मागून कोणीतरी दंड धरून त्यांना खस्सकन ओढलं.

तो काशीराम. बैल घेऊन चालला होता. त्याने ऐनाची ओली फांदी मोडून बाईंच्या हातात दिली, आणि आपण बाईमाणसाच्या दंडाला हात लावला हे लक्षात येऊन तोच ओशाळला.

"बाय, आगीच्या तोंडाला कोन जातो? कुशीला जा. शेपटीकडना धर नि कुशीकुशीनं पुढं सर."

चार माणसांनी तासाभरात वणवा मारला. दुसऱ्या दिवशी उल्काबाई वही घेऊन काशीरामच्या अंगणात हजर. त्याची सून हसली. शाळेतल्या बाई अंगठाबहाद्दराकडे शिकायला आल्या, हे वाडीला दोन महिने पुरलं.

त्याने शिकवलं मात्र मनापासून. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारी खारा वारा उलट फिरतो, आणि अकराच्या सुमाराला दोन्ही वारे भांडतात, त्या वेळी आगीच्या जवळ थांबायचं नाही. चिमूटभर माती सोडून वारा बघायचा. फांदी बडवायची नाही, दाबायची. बडवली की ठिणग्या उडतात. पळायची वेळ आली तर उघड्या कातळावर नाहीतर जळून गेलेल्या काळ्या जागेत पळायचं, कारण एकदा खाल्लेल्या ताटाकडे आग परत वळत नाही. आणि जाळपट्टा मारायचा तो पौषात, गवतावर दव असताना. फाल्गुनात मारायला जाल तर पट्टाच वणवा होईल.

हे सगळं उल्काबाईंनी मुलांच्या भाषेत उतरवलं. शनिवारी शेवटचा तास वणव्याचा. पोरं ओळीने उभी राहायची, हातात ओले डहाळे, बाई मैदानात खडूने आगीचं तोंड, कूस, शेपटी काढायच्या. पहिल्या वर्षी पालक कुरकुरले: पोरांना आगीत ढकलता काय? पण पहिल्याच पौषात नववीच्या पोरांनी शाळेभोवती दहा हात रुंदीचा पट्टा काढला, तो पुढच्या वणव्यात टिकला आणि कुरकुर थांबली. काशीराम महिन्यातून एकदा यायचा, वहाणा काढून, आणि फळ्याकडे पाठ करून बोलायचा. पोरं त्याला आज्या म्हणायची. पुढे त्याची नात मनिषा त्याच वर्गात आली तेव्हा बाकीच्या पोरांचा आज्या तिच्या एकटीचा कसा, यावरून भांडणं झाली.

एक गोष्ट शिकवायला तो शेवटपर्यंत तयार झाला नाही. उलटी आग. समोरून येणाऱ्या वणव्याच्या वाटेत आपणच आग लावायची, मधलं गवत आधीच खाऊन टाकायचं, म्हणजे वणवा उपाशी मरतो. वनखात्याच्या पुस्तिकेत त्याची आकृती होती. काशीरामने ती एकदा बाईंना एकटीला करून दाखवली, आपल्याच बांधावर, हातभर गवतात.

"पोरांना ह्या नको," तो म्हणाला. "ह्याला हात नाय लागत, डोला लागतो. चूड टेकायच्या आदी बगायचा, मधी काय हाय. कोनाचा काय हाय."

उल्काबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. आणि पुढच्या वर्षी मुलांना उलटी आग शिकवली. पुस्तिकेत होती, परीक्षेला नव्हती, मुलांना आवडली.

* * *

नकाशा उलटी आग शिकवली त्याच्या आदल्या वर्षीचा. मुलांनी गटागटाने सडा पालथा घातला, पावलं मोजली, वर्गात बसून काढला. काय वाचवायचं ते रंगवा, असं बाईंनी सांगितलं होतं. मनिषा तेव्हा सहावीत होती, पण आज्याची नात म्हणून हट्टाने मोठ्यांच्यात घुसलेली. तिने पायवाटेच्या वर पेन्सिलीने एक चौकोन काढला आणि विचारलं, हा कोणत्या रंगाने रंगवू?

घरं लाल. पण मांगर घर नव्हे. चिऱ्यांच्या छातीभर उंच भिंती, वर पेंढ्याचं छप्पर, आत वर्षाचं गवत, नांगर, जू आणि पावसात दोन बैल. उल्काबाईंनी तिला समजावलं की आपण आधी महत्त्वाचं दाखवू, बारीकसारीक नंतर. स्वतःच खोडरबर घेतला. नंतर कधी झालं नाही. चौकोनाची खाच मात्र कागदावर राहिली. उजेड तिरका पडला की दिसायची.

काशीरामचं बोट शनिवारी नेमकं त्या खाचेवर टेकलं होतं.

* * *

२००४ च्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. साडेदहा वाजले होते, वणव्याचाच तास चालू होता, आणि वरच्या अंगाला खरोखरच धूर उठला. रस्त्यावर कोणी पेटती काडी टाकली असेल, कोणी गवत मुद्दाम पेटवलं असेल. ते कधी कळत नाही. मतलई जोरात होती. आग रुंद फळी करून खाली येत होती, थेट आप्पा लिमयांच्या बागेवर. दोनशे कलमं, कैरी सुपारीएवढी झालेली. त्या दिवशी आप्पांचे गडी हातखंब्याला गेले होते. आप्पा एकटे बागेच्या दगडी गडग्याशी काठी टेकून उभे होते आणि बाई, बाई, एवढंच म्हणत होते.

उल्काबाईंच्या मागे बावीस मुलं होती. आगीची फळी इतकी रुंद की कुशीला जायला कूसच नव्हती. त्यांनी माती सोडून वारा पाहिला. पायवाट समोर होती. डोळ्यांपुढे नकाशा आला, रंगवलेला: खाली हिरवं, वर पांढरं. बाकी काही नाही.

"पायवाटेवरून लावायची," त्यांनी सांगितलं. "चुडी करा."

मोठी आठ मुलं पायवाटेवर पसरली, बाकीची डहाळे घेऊन मागे. मनिषाच्या हातात पेंढीची चूड होती. ती पेटवून गवताला टेकवताना ती थांबली, वळली आणि म्हणाली, "बाई, आमचा मांगर."

आवाज मोठा नव्हता. पण उल्काबाईंनी ऐकला. त्यांना मांगरही दिसला, धुराच्या फटीतून, वीस पावलांवर, ताकाचा लोटा जिथे ठेवायचा तो चिरासुद्धा. तिच्या हातातली चूड विझवून मांगरापुरती ओळ तोडायला एक मिनिट लागलं असतं. मिनिट होतं की नव्हतं, याचा हिशेब त्या नंतर रोज करत राहिल्या आणि रोज वेगळं उत्तर येत राहिलं. त्या क्षणी त्या म्हणाल्या:

"लाव. पुढे सरक."

मुलीने लावली. बाईंनी सांगितलेलं ऐकायचं, हे तिला तिच्या आज्यानेच शिकवलं होतं.

उलटी आग वर गेली, वणव्याला भिडली, दोन्ही जाळ माणूसभर उंच उसळले आणि खाली बसले. बागेचं एक पान करपलं नाही. मुलं नाचली. आप्पा गडग्यावरच बसले आणि डोळे पुसत राहिले. मांगर दुपारपर्यंत धुमसत होता.

* * *

पुढचं सगळं इतकं भराभर घडलं की खोटं कोणी एकाने ठरवून बोललं असं म्हणता येणार नाही. रत्नागिरीच्या पेपरचा माणूस आला. मुख्याध्यापकांनी त्याला सांगितलं की विद्यार्थ्यांनी ओल्या डहाळ्यांनी वणवा रोखला. मुलांच्या हातात चुडी होत्या हे छापून आलं असतं तर शाळेला टाळं लागलं असतं. उल्काबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी दुरुस्ती केली नाही. वनखात्याचे साहेब येऊन पाठ थोपटून गेले. पुढच्या वर्षी दहा शाळांमधून बाईंचे धडे सुरू करायचे, असं बोलून गेले. तलाठ्याने पंचनाम्यात मांगर कशाने जळला असं विचारलं, तेव्हा आप्पा सहज म्हणाले, "काशीरामचा राब त्याच दिवशी भाजत होता ना खाली?" त्यात कपट नव्हतं. रकाना भरायचा होता.

राब खरंच भाजला होता. भाताची रोपं जिथे टाकायची तो तुकडा आधी कवळ, म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, आणि पालापाचोळा पसरून भाजतात, तो राब. पण काशीरामने पहाटे भाजून, कडेने पाणी मारून, आठ वाजता विझवलेला होता. राबापासून पायवाटेपर्यंतचं गवत तसंच उभं होतं. जो वर चढून जाईल त्याला दिसलं असतं. मांगराची वरची आणि दोन्ही बगलांची जमीन काशीरामने पौषातच खरवडून साफ केली होती, वणवा वरून येतो म्हणून. पायवाटेकडची बाजू तेवढी सोडली होती, कारण खालून आग कोण लावणार? वरच्या अंगाचे चिरे लालच्या लाल होते. पायवाटेकडची भिंत काळी ठिक्कर पडली होती. म्हणजे वरचा वणवा आला असता तरी मांगर राहिला असता.

हे काशीरामने पहिल्याच दिवशी भिंतीवर वाचलं. नातीला विचारलं, तिने चुडीचं सांगितलं. मांगर म्हणून हाक मारल्याचं सांगितलं नाही. गावातलं दुसरं कोणी वर चढून गेलंच नाही.

आणि होमाचा मान कळंबट्यांचा. शिमग्यात देवीच्या होमाला पहिली चूड लावायची ती त्यांच्या घराने, किती पिढ्या ते कोणी मोजलेलं नाही. अट एकच. ज्याच्या हातची आग वर्षात सुटली, त्याने त्या वर्षी चुडीला हात लावायचा नाही. चाळीस वर्षं काशीरामने चूड धरली होती. यंदा त्याने बाजूला व्हावं असं गावकीत बोललं जात होतं, गोडीनेच, वर्षभराचाच प्रश्न आहे म्हणून. पण एकदा दुसऱ्या घरात गेलेला मान परत येत नाही, हे कातळवाडीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

* * *

सोमवारी उल्काबाई आप्पांकडे गेल्या. आप्पा शाळेच्या समितीचे अध्यक्ष. शाळेचे पत्रे त्यांनी घातलेले. ओटीवर झोपाळ्यात बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते माहीत होतंच त्यांना, डोळ्यांनी पाहिलेलं.

"काशीरामला मी मांगर बांधून देतो," ते म्हणाले. "पत्र्याचा. गवत देतो, नांगर देतो. कालच सांगितलं त्याला. हो-नाही काही बोलला नाही."

"त्याला ते नकोच आहे, आप्पा."

"मग काय, तुमची नोकरी हवीय? पोरांकरवी आग लावली म्हणून उद्या कोणी अर्ज केला, तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. आणि दहा शाळांतली पोरं शिकायची राहतील. एका माणसाच्या मानासाठी दहा शाळा जाळायच्या का? तुम्हीच शिकवता ना, थोडं जाळून मोठं वाचवायचं?"

शेवटचं वाक्य टोमणा नव्हतं. आप्पा खरंच समजावत होते. उल्काबाईंना मात्र ते पुरून उरलं. त्या घरी आल्या, भात लावला, तो करपला.

मंगळवारी नववीच्या तासाला त्यांनी उजळणी घेतली. उलटी आग लावण्याआधी काय पाहायचं? सर्वेशने हात वर केला: वाऱ्याची दिशा, माघारी जायची वाट, डहाळेवाल्यांची जागा. अजून? मनिषा खाली बघून पट्टीने बाकावर रेघ ओढत होती. ओढलेल्याच रेघेवर परत परत. बाईंनी तिला विचारलं नाही. तास संपेपर्यंत त्या बाजूला त्या गेल्याच नाहीत.

सुटल्यावर मुलगी एकटीच मागे राहिली आणि टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, मी आज्याला काय सांगितलं नाय."

"काय सांगितलं नाहीस?"

"मी तुमाला बोल्ले ता. त्याला वाटतं हाय, आमाला कोनाला सुचलाच नाय."

तेरा-चौदा वर्षांची पोर. ती बाईंना झाकत होती, की स्वतःला, की आज्याला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. उल्काबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला आणि तो तसाच मागे घेतला.

* * *

बुधवारी दिवेलागणीला देवळात माणसं जमली. बायका बाहेर पायरीशी, पुरुष आत सभामंडपात. उल्काबाई सरळ आत गेल्या तेव्हा थोडी हालचाल झाली, पण त्या शाळेच्या बाई. कोणी अडवलं नाही. आप्पा खांबाला टेकून बसले होते, त्यांनी बाईंना पाहून मान दुसरीकडे वळवली. काशीराम पार मागे, दाराजवळ, खांद्यावर टॉवेल टाकून बसला होता. मनिषा बाहेर, आईच्या मागे उभी.

बैठक चालवणाऱ्या बाबू गावकराने पालखीच्या वाटा, ढोलवाल्यांचं जेवण, पालखी बसते त्या सहाणेवरच्या मांडवाचं सामान, असं एकेक उरकलं. मग घसा खाकरून तो होमावर आला. काशीरामवर कोणाचा राग नाही, असं त्याने सुरुवातीलाच सांगितलं. आगीवर कोणाची सत्ता चालत नाही. पण रीत ती रीत.

"आग काशीरामकाकांची नव्हती," उल्काबाई उभ्या राहून म्हणाल्या.

वर्गात चाळीस मुलांपुढे खणखणीत चालणारा आवाज त्यांना सापडेना. त्यांनी पुन्हा सांगितलं. मांगर ज्या आगीने जळला ती पायवाटेवरून लावली होती. वरचा वणवा थोपवायला. लावायला मी सांगितली.

"पोरांनी लावली?" कोणीतरी विचारलं.

"मी लावली. हात कोणाचेही असोत. खोटं वाटत असेल तर आत्ता बॅटरी घेऊन वर जा. राबापासून पायवाटेपर्यंतचं गवत उभं आहे."

दोघेजण उठून खरंच गेले. सभामंडपात कुजबुज माजली. आप्पा उठून म्हणाले की बाईंनी त्या दिवशी गावाची बाग वाचवली हे विसरू नये. गावाची कुठली, असं मागून कोणीतरी म्हणालं आणि थोडं हसू पिकलं. गेलेले दोघे अर्ध्या तासाने आले, पोटऱ्यांना कुसळं चिकटलेली. बाई बोलल्या ते बरोबर, असं त्यांनी सांगितलं. मांगराची वरची बाजू कोरी आहे.

बाबू गावकराने देवीकडे बघून हात जोडले. गावाकडून चूक झाली, मान होता तिथेच आहे, शिमग्याला चूड कळंबट्यांचीच. काशीरामने बसल्या जागेवरून मान लववली. त्याच्या चेहऱ्यावरचा पीळ पंधरा दिवसांत पहिल्यांदा सुटला. त्याने उल्काबाईंकडे पाहिलं, आणि तो जवळजवळ हसला.

"धुरात मानसाला सुचत नाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बायला कशाला बोल लावायचा? मी असतो तर मलापन नसता सुचला."

इथे गप्प बसता आलं असतं. सगळं जागच्या जागी आलं होतं. नोकरीचं काय व्हायचं ते झालं असतं, पण हा माणूस शनिवारी पुन्हा वहाणा काढून वर्गात आला असता. उल्काबाईंनी पायरीकडे पाहिलं. आईच्या पदराआडून मनिषा बघत होती.

"सुचलं होतं मला," त्या म्हणाल्या.

पायरीवरच्या बायका आत वाकल्या.

"मांगर मला दिसला होता, काका. मला एकाने सांगितलंही, मांगर आहे म्हणून. चूड लावायच्या आधी. मी ऐकलं आणि लाव म्हटलं."

एकाने म्हणजे कोणी, हे सभामंडपात फक्त एका माणसाला कळायचं होतं. त्याला कळलं. काशीरामची नजर बाईंवरून हलली, दाराबाहेर गेली, नातीवर थांबली. पोरीने तोंड आईच्या पाठीत लपवलं. तिने हाक मारली होती, आणि मग स्वतःच्या हाताने लावली होती, आणि पंधरा दिवस त्याच्याच पंगतीला बसून गप्प जेवली होती. हे सगळं तो जुळवत होता ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तिथे दुसरं कोणी बघत नव्हतं, उल्काबाईच बघत होत्या.

त्याने टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला, उठला. गुरवाने पुढे केलेला अंगारा लावला. पायऱ्या उतरून वहाणांच्या ढिगातून आपल्या वहाणा पायानेच शोधल्या. मनिषाचा हात त्याने मनगटाशी धरला.

उल्काबाई त्याच्या मागे दारापर्यंत आल्या.

"काका, शनिवारी मुलं तुमची वाट बघतील. आधी काय बघायचं ते त्यांना माझ्याकडून नाही कळणार आता. तुम्ही याल ना?"

काशीरामने वाकून नातीच्या फ्रॉकला चिकटलेलं एक कुसळ काढलं. मग तिला घेऊन तो अंधारात वाडीच्या वाटेला लागला. बाहेर थांबलेले ढोलकरी त्याच्यासाठी बाजूला झाले. वहाणांचा आवाज दगडी घाटीवरून बराच वेळ येत राहिला, आणि तो मागे वळला नाही.